अर्धं खुरांचं, अर्धं जवसाचं

३ मार्च, मंगळवार

बाई पडल्या. माझ्यामुळे.

लिहून टाकलं एकदाचं. तोंडाने कुणाला सांगवत नाही म्हणून इथे. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर कोंबडीच्या पायांचं — वाचणार तरी कोण आहे!

काल सकाळची गोष्ट. बाई तबेल्यात मुलांना घोडेस्वारी शिकवतात; मुलं यायच्या आधी घोड्याचे पाय मोकळे करायला त्याला मैदानात नेतात, तशा निघाल्या. दुसऱ्या फेरीला डाव्या रिकिबीचा पट्टा तुटला. रिकीब पायासकट खाली गेली आणि बाई कुंपणाच्या खांबावर. मी सामानखोलीत लगाम पुसत होते. आवाज ऐकून बाहेर आले तोवर चौघांनी त्यांना फळीवर घेतलं होतं. मांडीचं हाड मोडलंय. रडत नव्हत्या. "घोडा धरा कुणीतरी, बिचारा घाबरलाय" — एवढंच म्हणत होत्या.

तुटका पट्टा मालकांनी उचलला आणि कचेरीतल्या कपाटात टाकून कुलूप लावलं. मी बघितला नाही. छाती झाली नाही.

पट्ट्यांना तेल कोण लावतं? मी.

४ मार्च, बुधवार

सगळं खापर भाऊजींवर फुटलं.

भाऊजी म्हणजे तबेल्यातले मोतद्दार. आमच्या ह्यांचे जिवलग, म्हणून मला वहिनी म्हणतात, आणि ह्यांच्या माघारी माझ्याशी भांडायचा मक्ता त्यांनी घेतलाय. रोज सकाळी खोगीर चढवायचं, पट्टे ओढून बघायचे, हे त्यांचं काम. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घोड्यांनी तीनदा चावलेला माणूस, पण डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की पळतो. सगळ्या तबेल्याला ठाऊक आहे. कुणी बोलत नव्हतं.

आज मालक सगळ्यांसमोर बोलले. "काका, एवढा मोठा पट्टा तुटायला आला होता, तुम्हाला दिसला कसा नाही?"

भाऊजी टोपी हातात धरून उभे. "नाही दिसलं, मालक. चूक माझीच."

"मग आता काय करायचं, तुम्हीच सांगा."

"मी जातो."

झालं! मालकांनी अडवलं नाही. पंधरा तारखेपर्यंत राहा म्हणाले. बहिणीच्या गावी जाणार म्हणे. घोड्याशिवाय तो माणूस तिथे करणार काय? बहिणीला दाणापाणी करणार?

सगळे जमिनीकडे बघत होते. मीही. एरवी माझी जीभ कुणाच्या बापाला ऐकत नाही. आज टाळ्याला चिकटली.

६ मार्च, शुक्रवार

आता तेलाचं. ते लिहिल्याशिवाय सुटका नाही.

आमचे हे खोगिरं शिवायचे आणि तेल मी लावायची. जन्मभर एकच तेल — जनावरांचे खूर आणि नडग्या उकळून काढतात ते. पिवळं, पातळ, वासाला घाणेरडं. पण ते कातड्यात मुरतं आणि वाळत नाही, म्हणून कातडं नरम राहतं. हे म्हणायचे, "तेल कातड्याला पाजायचं, आंघोळ नाही घालायची." आतल्या खरबरीत बाजूने थोडंसं घ्यायचं, तळव्याच्या उबेने चोळायचं. मग एक दिवस हात लावायचा नाही. मग कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. त्याला अक्कल लागत नाही, धीर लागतो. तो माझ्याकडे कधीच नव्हता.

हे गेले, दुकान गेलं, मी तबेल्यात लागले. थंडीत सामानखोलीत बोटं आखडतात म्हणून पट्टे घरी आणून तेल लावायला लागले. सुनेने नाक मुरडलं. "आई, खोलीत काही मेलंय का?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांब, तुला वासच येऊ देत नाही. कोपऱ्यात सुताराने दारं रंगवून झाल्यावर ठेवून गेलेलं जवसाचं तेल होतं. अर्धं ते, अर्धं खुरांचं.

वास गेला. आणि पट्टे असे चमकायला लागले! मालक म्हणाले, "आजी, पट्टे आहेत की आरसे?" मला मेलीला कोण आनंद! जन्मभर हे काम केलं, असं कुणी म्हटलं नव्हतं. हे तर मेले तरी म्हणाले नाहीत. पुढच्या बाटलीत जवस थोडं आणखी वाढवलं.

आणि हे मला माहीत होतं. लिहायला नको वाटत होतं ते हेच. मला माहीत होतं! जवसाचं तेल वाळतं म्हणूनच दारांना लावतात. कातड्यावर चार दिवस चमकतं, मग आतल्या आत वाळतं, पट्ट्याचं लाकूड करतं. वरून दिसत नाही काही. दुमडलं की तडकतं. एकदा एक गिऱ्हाईक जवस चोपडलेलं खोगीर घेऊन आलं, तर ह्यांनी त्याला दुकानातून हाकललं होतं. मी तिथेच बसून हसले होते.

अर्ध्याने काय होतंय, म्हटलं.

७ मार्च, शनिवार

घरी एक पट्टा राहिला होता. बोटावर दुमडला. तडकला.

९ मार्च, सोमवार

भाऊजी सामानखोलीत आले. हाताने चाचपत एकेका खोगिरापाशी थांबत होते.

"निरोप घेताय की मोजताय?" मी म्हटलं. मला दुसरं काही येतच नाही.

"तुमच्या तोंडाचा निरोप घेतोय, वहिनी. तिकडे असलं तोंड मिळणार नाही."

"बहीण आहे की तुमची!"

"ती देवमाणूस आहे हो. कंटाळा येईल."

मग पेटीवर बसले. बराच वेळ टोपीची कड मुरगाळत होते. म्हणाले, "वहिनी, त्या पट्ट्याचं तुम्हाला एक सांगायचंय —"

यांना वास लागला, म्हटलं. डोळे गेले तरी नाक आहे. जवसाचा वास ओळखला असणार, आता मला विचारणार. मी ताडकन उठले. "त्या पट्ट्याचं नाव काढू नका माझ्यासमोर! कामं पडलीत मला."

उठले. गेले. उंबऱ्याला ठेचकाळले, तर मी पाठीमागून म्हटलं, "बघून चाला."

बघून चाला! जीभ झडली कशी नाही माझी.

१० मार्च, मंगळवार

दवाखान्यात जाऊन आले. न जाऊन कसं चालेल, लोक विचारतात. बाईंचा पाय वजन लावून टांगलाय. चेहरा पार उतरलाय, पण मला बघून हसल्या.

"आजी, काकांना म्हणावं माझा राग नाही. त्यांच्या डोळ्यांचं मला माहीत होतं. मीच नीट बघून चढायला हवं होतं."

म्हणजे आता पडलेल्या बाईसुद्धा स्वतःची चूक म्हणायला लागल्या! भाऊजी म्हणतात माझी, बाई म्हणतात माझी. वाटून घेताहेत. आणि जिची आहे ती खुर्चीवर बसून संत्रं सोलतेय.

पुन्हा घोड्यावर बसता येईल का, विचारलं. डॉक्टर बोलत नाहीत म्हणाल्या. भिंतीकडे बघत म्हणाल्या.

सोललेलं संत्रं त्यांच्या हातात द्यायचं राहिलं. घरी येईपर्यंत माझ्याच मुठीत.

१२ मार्च, गुरुवार

आज सुनेवर घसरले. ती म्हणाली, "आई, चार दिवस झाले, तुम्ही धड जेवत नाही. काय झालंय?" झालंय काय म्हणून विचारते! म्हटलं, "तुझ्या नाकाने झालंय सगळं. वास येतो, वास येतो! तुझ्या नाकापायी तेल बदललं मी आणि एका बाईचा पाय गेला."

निघून गेलं तोंडातून. सुनेने हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं आता रडेल किंवा आदळआपट करेल. दोन्ही केलं नाही.

"मी वास येतो म्हटलं होतं, आई," ती म्हणाली. "तेल बदला नव्हतं म्हटलं. मागच्या पडवीत बसून लावा म्हटलं होतं. शेगडी पण आणून ठेवली होती तुमच्यासाठी. आठवतंय का?"

आठवतंय. हट्टाने बसले नाही. माझ्याच घरात मी पडवीत का बसू!

एवढे दिवस मनात एक कोपरा धरून ठेवला होता, की थोडी चूक हिचीही. तोही गेला. बरं झालं. एका माणसाचं ओझं दोघींनी उचलायचं काय कारण?

थोड्या वेळाने तिने ताट वाढून आणलं. म्हणाली, "जेवा आणि जाऊन सांगा. उपाशी पोटी सांगू नका, चक्कर येऊन पडाल आणि मग तुमचीच विचारपूस करत बसतील सगळे."

पोरीला जीभ आहे हे मला आजच कळलं.

१४ मार्च, शनिवार

सांगितलं.

मालक कचेरीत होते. उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर उठून पळाले असते. "काकांना घालवू नका. पट्टा त्यांच्यामुळे तुटला नाही. मी तेलात जवस घातलं होतं, त्याने सगळे पट्टे वाळलेत."

मालकांनी ऐकून घेतलं. आणि हसले! चक्क हसले, तेही मायेने. "आजी, तुम्ही दोघं जुनी माणसं. एकमेकांना सांभाळून घेता, हे मला कळतं. पण असं स्वतःवर ओढून घेऊन कसं चालेल?"

मला वाटत होतं सांगणं अवघड. सांगितल्यावर कुणी खरं मानणार नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं. जन्मभर टोचून बोलले त्याचं कुणी वाईट मानलं नाही, आणि आज खरं बोलले तर मायाळू ठरले!

म्हटलं, "चला माझ्याबरोबर."

सामानखोलीत खुंटीवर पट्टे ओळीने टांगलेले. माझे आरसे. पहिला काढला, मालकांच्या नाकासमोर धरला, बोटाभोवती दुमडला. कट्! वरचा पापुद्रा फुटला, आतलं कातडं भुशासारखं कोरडं. दुसरा काढला. कट्! तिसरा. चौथ्याला मालक म्हणाले, "बास, आजी." मी थांबले नाही. लगामाच्या वाद्या, तंगाचे पट्टे — घोड्याच्या पोटाखालून आवळतात ते! ते तुटले असते तर खोगिरासकट माणूस खाली आलं असतं. उद्या त्यावर लहान मुलं बसणार होती. एकेक मोडत गेले. मालकांचं हसू कधीच गेलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"लावताना?"

"लावताना."

माझ्या हातातला पट्टा काढून घेतला. मग म्हणाले, "मुलांची शिकवणी आजपासून बंद. नवं सामान येईपर्यंत एकही घोडा बाहेर निघणार नाही. जुन्यातलं काय टाकायचं ते तुम्हीच वेगळं करा, तुम्हालाच कळतं. ते झालं की, आजी... तुम्ही घरी बसा."

"आणि काका?"

"काकांना थांबायला सांगतो."

सामानखोलीची किल्ली कमरेची काढून मेजावर ठेवली. घरी येताना वाटत होतं हलकं वाटेल. नाही वाटलं.

१५ मार्च, रविवार

भाऊजींकडे गेले. खोलीत एक पेटी, एक वळकटी, भिंतीवरचा घोड्याचा एक फोटो, तोही उतरवून ठेवलेला. मालकांचा निरोप पोचला होता, तरी पेटी बांधतच होते.

"सोडा ती दोरी," मी म्हटलं. "चूक माझी होती. तेलात जवस घातलं मी. तुम्हाला दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं नव्हतंच. चांगल्या डोळ्यांनाही दिसलं नसतं. पंधरा दिवस तुम्ही स्वतःला खात बसलात आणि मी बघत बसले. संपलं."

"वहिनी, ऐका तरी —"

"नाही ऐकणार. तुम्ही आता मला माफ करणार, मोठेपणा दाखवणार. ते मला सहन होणार नाही. शिव्या द्यायच्या असतील तर द्या."

"अहो, पण तो पट्टा —"

"माझाच होता! किती वेळा सांगू?"

डोक्याला हात लावून पेटीवर बसले. पांढरट डोळे माझ्याकडे, पण मी कुठे आहे ते नीट दिसत नसावं, थोडं बाजूला बघत होते. म्हणाले, "आयुष्यात एकदा तरी तुम्ही माणसाला वाक्य पुरं करू द्याल का?"

म्हटलं, "उद्या सहाला तबेल्यात या. घोडे वाट बघताहेत." आणि निघाले.

१६ मार्च, सोमवार

बाईंना सांगितलं. सगळं, अर्ध्या-अर्ध्याच्या हिशेबासकट.

या वेळी हसल्या नाहीत. "तुम्हाला माहीत होतं आणि तरीही?" मी मान हलवली. "त्या दिवशी इथे बसला होतात, तेव्हाही?" पुन्हा मान हलवली.

तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुम्ही जा आता, आजी."

गेले. बरोबर बोलल्या.

१८ मार्च, बुधवार

दोन दिवस सामान निवडतेय. टाकायचा ढीग कमरेएवढा, ठेवायचा ओंजळभर. ठेवायचे सगळे जवसाच्या आधीचे. नरम, मळकट, कुरूप. एकही आरसा नाही त्यात.

भाऊजी दारावरून दहादा जातात. आत येत नाहीत. मीही बोलवत नाही.

२० मार्च, शुक्रवार

ढीग तबेल्यामागे नेऊन जाळायचा ठरला, म्हणजे चुकून कुणी वापरायला नको. मी काडी लावणार तेवढ्यात मालक आले. कपाटातला तुटका पट्टा माझ्या हातात दिला. "हाही टाका. मला तो बघवत नाही."

हातात घेतला आणि कळलं. चमक नाही. जवसाचा वास नाही. बोटावर दुमडला — मऊ, लोण्यासारखा. माझ्या बाटलीतला थेंबही त्याला कधी लागला नव्हता. आणि कातडं कुठे तुटलंच नव्हतं. बकलापाशी शिवण उसवली होती. नवा दोरा, टाके वेडेवाकडे, दोन तर भोकात गेलेच नव्हते, नुसते कडेवर.

मालक गेले. वर बघितलं तर भाऊजी समोर.

"तुमचा पट्टा कडक झाला होता," ते म्हणाले. "बाईंच्या पोटरीला घासत होता. म्हणून माझ्या पेटीतला जुना काढला. बकल मीच शिवलं. बोटांनी चाचपून. घट्ट बसलंय असं वाटलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला? मालकांना चूक माझी म्हटलं, त्यांनी पुढचं विचारलं नाही. तुम्हाला तीनदा सांगायला गेलो."

बाईंना खरं काय ते सांगायला हवं. मालकांनाही. मग हा माणूस पुन्हा पेटी बांधणार, आणि मी? माझा पट्टा कडक झाला नसता तर यांनी दुसरा शिवला असता कशाला? ते चाळीस पट्टे तर माझेच होते, सगळे तडकलेले. कुणाचं किती, मला वेगळं करता येत नाही. सामान निवडता आलं, हे नाही येत.

"डोळे दाखवायचे सोमवारी," मी म्हटलं. "मी हात धरून नेणार. नाही म्हणालात तर आत्ता मालकांना हाक मारते. आणि तोवर दाभणाला हात लावायचा नाही. शिवण सगळी माझ्याकडे आणून द्यायची, घरी."

"आणि हा?" पट्ट्याकडे बोट करून — थोडं बाजूलाच बोट करून — विचारलं.

पट्टा ढिगात अगदी खाली सारला.

"कुठला?" म्हटलं, आणि काडी ओढली.